मीठ, मोहरी, मिरच्या

बेनीनं फ्रॉक अंगात घातला तेव्हा तो गुडघ्याच्या वर चार बोटं राहिला, आणि मी मनात म्हटलं, झालं, पहिल्याच दिवशी ही पोरगी आपल्याला नापास करणार.

फ्रॉक मी फोटोवरून अंदाजानं शिवला होता. हळदीसारखा पिवळा, गळ्याला पांढरी झालर. फोटो आठ महिन्यांपूर्वीचा, आणि अकराव्या वर्षी पोरी दोडक्याच्या वेलासारख्या वाढतात हे माझ्यासारख्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या लक्षात यायला नको होतं का? लोकांच्या पोरींची मापं घेण्यात वीस वर्षं गेली आणि आपल्या पोरीचं माप चुकलं.

बेनीनं खाली वाकून गुडघे पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. हसली नाही. फ्रॉकची कड उलटून आतली दुमड तिनं बोटांनी मोजली आणि मला दाखवली. आत पाच बोटं कापड होतं. उसवून खाली घेता येईल, असं ती मला सांगत होती. मी तिथंच तिच्यावर जीव टाकला.

आम्ही म्हणजे मी, प्रमिला खैरनार, आणि हे. यांचं नाव दिगंबर, पण नाव घेऊन हाक मारायची मला आजही सवय नाही. दोघंही मूळचे धुळ्याचे. यांना बेल्जियममध्ये लिएज गावी पोलादाच्या कारखान्यात नोकरी लागली, मागोमाग मी गेले, भाजी घेता घेता फ्रेंच शिकले आणि घराच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकलं. मूल झालं नाही. का झालं नाही ते डॉक्टरांनाच धड कळलं नाही, तर मी काय सांगू? पंचेचाळिशी उलटल्यावर आम्ही दत्तकसंस्थेत गेलो तेव्हा तिथल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, या वयात तान्हं मूल मिळणार नाही, मोठी मुलं चालतील का? काँगोमध्ये, किन्शासा शहराच्या कडेला ननांनी चालवलेला एक अनाथाश्रम होता. तिथं बहीण-भाऊ होते, बेनी आणि जोएल. ती अकराची, तो सहाचा.

सासूबाई फोनवर म्हणाल्या, भाजलेल्या मडक्याला का आकार देता येतो? मी म्हटलं, आकार कशाला द्यायचा, पाणी तर राहतं ना त्यात. बोलण्यात मी कुणाला हार जात नाही. तेवढा एकच गुण अंगी आहे, आणि नेमका तोच त्या तीन आठवड्यांत कामाला आला नाही. बावीस वर्षं झाली त्या गोष्टीला.

आश्रमाच्या आवारातच पाहुण्यांसाठी एक खोली होती, तिथं आम्ही उतरलो. आश्रम सिस्टर ओदेत बघायची. उंच, काळीसावळी, कमी बोलणारी बाई, तिथलीच. तिनं पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगितल्या. एक, मुलांना मागचं काही विचारायचं नाही, ती आपणहून सांगतील तेव्हा ऐकायचं. दुसरी, शेवटच्या आठवड्यात न्यायाधीशांपुढं जायचं आहे, आणि दहाच्या वरच्या मुलाला तिथं एकट्याला आत बोलावून विचारतात. बेनी नको म्हणाली तर नको. त्यावर मी खोदून खोदून विचारलं, आईबाप कसे गेले, नातेवाईक आहेत का, मुलं इथं कशी आली. पण सिस्टर ताकास तूर लागू देईना. कागदावर एवढंच होतं, आई वारली, बाप ठाऊक नाही, काकाकडून आली.

म्हणजे सगळा निकाल अकरा वर्षांच्या पोरीच्या हातात. पोरगी बघायला लोक येतात तसे आम्ही आलो होतो, फक्त इथं पोरगी आम्हाला बघत होती.

जोएलची काही पंचाईत नव्हती. पहिल्या तासाभरात तो यांच्या खांद्यावर चढून बसला आणि मग उतरलाच नाही. यांनीही कारखान्यात कधी केले नसतील एवढे घोड्याचे आवाज काढले. बेनी मात्र लांबून बघायची. जोएलनं किती घास खाल्ले, यांनी त्याला किती उंच फेकलं, मी रागावले तर कशी रागावते, सगळ्यावर तिचं लक्ष. कामाला वाघ होती. आश्रमाचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला, मामा क्लेमांतीनला, भाजी निवडून द्यायची, अंगण झाडायची. एकच गोष्ट मला जरा वेगळी वाटली. तान्ह्या मुलांच्या खोलीत ती पाऊल टाकत नसे. एखादं बाळ रांगत रांगत तिच्याकडे आलं की झाडू तिथंच टाकून दुसरीकडे जायची. मी म्हटलं, असते एकेकाला लहान मुलांची कटकट.

आमचं जमलं ते त्या फ्रॉकमुळे. आंब्याच्या झाडाखाली बसून मी तिला दुमड उसवायला शिकवली, मग तुरपाई. पहिल्या दिवशी टाके हत्तीच्या पावलाएवढे पडले. मी हसले नाही, उसवायला लावले. दुसऱ्या दिवशी पुन्हा उसवायला लावले. तिसऱ्या दिवशी तिनं आपणहून उसवले, तेव्हा मला कळलं की ही माझीच आहे. दहाव्या दिवशी तिनं मला हाक मारली, मामा प्रमिला. तिकडे प्रत्येक मोठ्या बाईला मामा म्हणतात. मी यांना म्हटलं, अहो, ऐकलंत का, मी मामा झाले. हे म्हणाले, मग लग्नात तुलाच अंतरपाटामागं उभं करू. आम्ही दोघं हसलो. बेनीला काही कळलं नाही, पण तीही हसली. पुढचे दोन दात जरा एकमेकांवर होते तिचे. ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्या दिवशी तिनं मला विचारलं, तुमच्या घरात किती खोल्या आहेत, आणि कुणी आजारी असतं का? मी म्हटलं, चार खोल्या, आणि आजारी कुणी नाही, यांची पाठ तेवढी दुखते. तिनं त्यावर बराच वेळ विचार केला. मग म्हणाली, पाठ चालेल.

रविवारी फ्रॉक पुरा झाला. प्रार्थनेला ती तोच घालून गेली. काय सांगू, पोरगी अशी दिसत होती की माझाच जीव धसकला. पोरांनी गराडा घातला, मामा क्लेमांतीननं गालावरून हात फिरवला, गावातून आलेल्या बायकांनी तिला उभी करून फोटो काढले, वळून वळून पाहिलं, एकीनं तर झालर हातात घेऊन निरखली. मी कौतुकानं बघत होते. आणि संध्याकाळी बेनीला ताप भरला.

दुसऱ्या दिवशीही उतरेना. सिस्टरनं बोटातलं रक्त तपासलं, हिवताप नव्हता. गोळी दिली, ती ओकून पडली. पेजही घेईना. डोळे मिटून पडली होती, आणि मला एकदम लख्ख कळलं. एवढ्या लोकांनी पाहिल्यावर दुसरं काय होणार? दृष्ट लागली होती पोरीला.

मी यांना म्हटलं, मिरच्या आणा. हे म्हणाले, इथं दृष्ट काढणार तू? मी म्हटलं, का, इथल्या लोकांना डोळे नाहीत? हसत हसत गेले आणि बाजारातून सात सुक्या लाल मिरच्या घेऊन आले. मीठ स्वयंपाकघरात होतंच. मोहरी माझ्या मिसळणाच्या डब्यातली. तो डबा मी जाईन तिथं नेते.

दुपारची वेळ होती. अंगणात मामा क्लेमांतीनची कोळशाची शेगडी पेटलेली होती. मी बेनीला उचलूनच बाहेर आणलं, पिढ्यावर पूर्वेला तोंड करून बसवलं, दोन्ही मुठींत मीठ, मोहरी, मिरच्या घेतल्या आणि डोक्यापासून पायापर्यंत उतरवायला सुरुवात केली. माझी आई म्हणायची तसं म्हणत होते, आल्यागेल्याची, दारावरच्याची, वाटेवरच्याची, ज्याची लागली त्याची जळो. सात वेळा उतरवलं आणि मुठी निखाऱ्यांवर सोडल्या. मोहरी तडतडली, मिरच्या काळ्या पडल्या, आणि ठसका म्हणून आला नाही. आमच्याकडे हीच खूण. मिरच्या जळून ठसका आला नाही म्हणजे दृष्ट जबर होती.

मला आनंदच झाला. इतका वेळ मी मराठीत पुटपुटत होते. आता तिला कळावं म्हणून मुद्दाम फ्रेंचमध्ये म्हणाले, "खूप होतं गं तुझ्यावर, केवढं होतं. आता सगळं जळून गेलं."

बेनीनं माझ्याकडे पाहिलं. तापानं डोळे लाल झालेले. हळू विचारलं, "मामा प्रमिला, तुम्हाला कळतं ते?"

"न कळायला काय झालं? मला लगेच कळतं. माझ्या आईनं शिकवलंय."

तिनं मान हलवली आणि खाली घातली. मामा क्लेमांतीननं हातातलं पातेलं तसंच खाली ठेवलं आणि आत गेली. मला वाटलं, शेगडी अडवली म्हणून फुगली. जोएल भिंतीला चिकटून उभा होता, त्याची चड्डी ओली झाली होती. मी म्हटलं, खेळाच्या नादात झालं असेल, आणि चड्डी बदलली. संध्याकाळी बेनीचा ताप उतरला. मी यांच्याकडे पाहून भुवया उडवल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ते मला अजून कळायचं होतं.

त्यानंतर दोन दिवस बेनी शहाण्यासारखी वागली. फार शहाण्यासारखी. मी जवळ घेतलं की अंग कडक करायची. अशक्तपणा असेल, मी म्हटलं.

गुरुवारी न्यायालयात जायचं होतं. मी पिवळा फ्रॉक इस्त्री करून ठेवला होता. ती आली ती आश्रमाच्या करड्या स्कर्टमध्ये. मी विचारलं तर म्हणाली, मळेल. न्यायाधीश एक बाई होत्या. त्यांनी बेनीला एकटीला आत बोलावलं आणि दार लावलं. बाहेर बाकावर आम्ही तिघं. जोएल यांच्या घड्याळाशी खेळत होता. माझा जीव टांगणीला लागला होता, पण खरं सांगते, मनातून मी निश्चिंत होते. तुरपाई माझ्यासारखी घालायला लागली होती पोरगी.

पंधरा मिनिटांनी त्यांनी आम्हाला आत घेतलं. बेनी खुर्चीच्या टोकाला बसली होती. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "मुलीला जायचं नाही. मी तीनदा विचारलं. भावानं जावं असं ती म्हणते, आणि ती हे विचार करून सांगते आहे असं मला दिसतंय. तुमची तयारी असेल तर मुलापुरता निर्णय मी देऊ शकते."

यांनी माझा हात धरला. मी बेनीकडे बघत राहिले. ती टेबलाच्या पायाकडे बघत होती. मी विचारलं, का गं? न्यायाधीशबाई म्हणाल्या, तिला कारण विचारायचा हक्क तुम्हाला नाही.

मी काय केलं सांगू? मी रुसले. सेहेचाळीस वर्षांची बाई, अकरा वर्षांच्या पोरीवर रुसले. गाडीत तिच्याशी एक शब्द बोलले नाही. यांना मराठीत म्हटलं, एवढं केलं, काही चीज झालं नाही, भावासाठी आपण चालतो आणि हिला स्वतःला चालत नाही. तिला मराठी येत नव्हतं, पण आवाज तर कळतोच ना माणसाला. आश्रमात पोचल्यावर ती सरळ आमच्या खोलीत आली, फ्रॉक घडी करून माझ्या पिशवीवर ठेवला आणि गेली.

मी सिस्टर ओदेतच्या खोलीत गेले ते भांडायलाच. मी म्हटलं, माझ्यात काय कमी पडलं ते तुम्ही तरी सांगा. सिस्टरनं मला बसायला सांगितलं. मग म्हणाली, "सोमवारी अंगणात तुम्ही काय केलंत ते मला क्लेमांतीननं आज सांगितलं. ते काय होतं?"

मी सांगितलं. आमच्याकडे मुलांची काढतात, प्रेमानं काढतात, माझी काढली आहे, यांची काढली आहे. सिस्टर ऐकत राहिली. तिचा चेहरा असा झाला की मी बोलायची थांबले.

मग तिनं सांगितलं. आई गेल्यावर ही दोघं काकाच्या घरी होती. काकाचं बाळ बेनी सांभाळायची, दिवसभर तिच्याच कडेवर असायचं ते. बाळ आजारी पडलं आणि गेलं. त्याच महिन्यात काकाचं काम सुटलं. सगळीकडे असं होत नाही, सिस्टर म्हणाली, पण जिथं मरण आणि भूक एकाच वेळी घरात शिरतात तिथं लोक कुणाचं तरी नाव शोधतात. वस्तीतल्या एका उपदेशकाला आणलं. त्यानं सांगितलं, या मुलीच्या आत काहीतरी आहे, तिनं बाळ खाल्लं. तिला दोन दिवस उपाशी ठेवलं. मग अंगणात बसवून मीठ आणि मिरच्या तिच्या डोक्यावरून उतरवल्या, निखाऱ्यावर टाकल्या आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं, खूप आहे हिच्यात. उरलेल्या मिरच्या तिच्या डोळ्यांत घातल्या. जोएल तिथंच उभा होता. नवव्या वर्षी ती भावाचा हात धरून या फाटकात आली.

"तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही?"

"तिनं माझ्याकडून वचन घेतलं होतं. नव्या घरी हे कळता कामा नये. तिला वाटत होतं, न सांगता गेली तर ते मागंच राहील." मग सिस्टर म्हणाली, "आज गाडीतून उतरल्यावर तिनं मला सांगितलं, त्या बाईंना मी काही सांगितलं नाही तरी त्यांनी ओळखलं. त्या चांगल्या आहेत. त्यांच्या घरात कुणी मरायला नको."

मला बसवेना. मी तशीच उठून अंगणात धावले. बेनी आंब्याखाली पानं गोळा करत होती. मी तिच्यासमोर मातीत बसले आणि माझ्या त्या बाजारातल्या फ्रेंचमध्ये बोलत सुटले. तुझ्यात काही नाही, काही नव्हतं, आमच्याकडे हे वेगळं असतं. जे वाईट असतं ते मुलाच्या आत नसतं, ते बाहेरच्यांच्या नजरेत असतं. कुणीतरी फार बघतं आणि मुलाला ताप येतो, ते बाहेरचं आम्ही काढून टाकतो.

ती नीट ऐकत होती. तिनं विचारलं, "मग ते कुणाच्या नजरेत होतं?"

"कुणाच्याही. रविवारी एवढ्या जणी आल्या होत्या."

"मामा क्लेमांतीनच्या?"

"नाही गं. तिच्या कसं असेल?"

"मग कुणाच्या?" आणि मग तिनं ते विचारलं. "बघितल्यानं मूल आजारी पडतं? जवळच्या माणसानं बघितलं तरी?"

बोलण्यात मी कुणाला हार जात नाही. पण मला तेव्हा धुळ्याचं घर दिसलं. माझी इंदूआत्या, माझ्या बापाची विधवा बहीण, तिचा एकुलता एक मुलगा लहानपणीच गेला होता. ती आली की आई तिला चहा द्यायची, गोड बोलायची, आणि ती कोपऱ्यावरून वळली की मला पाटावर बसवून मीठमोहरी उतरवायची. आत्याला ते ठाऊक होतं. पुढं पुढं ती आमच्याकडे आली की मला जवळ बोलवायची नाही, खाली बघूनच बोलायची. मला वाटायचं, आत्याचा स्वभावच तसा.

तेवढ्यात बेनीनं माझा चेहरा वाचला. मग मी म्हटलं, नाही, सगळं खोटं आहे, नजरबिजर काही नसतं, अडाणीपणा आहे आमचा.

"पण तुम्ही म्हणालात, खूप होतं. ठसका आला नाही म्हणून तुम्ही हसलात."

"वारा होता म्हणून आला नाही."

"तुम्ही म्हणालात, तुम्हाला लगेच कळतं."

होय म्हणावं तर बाळ हिच्या नजरेनं गेलं. नाही म्हणावं तर मीच खोटी. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तोही असा की आता पुसताही येईना. मी उठले, स्वयंपाकघरातून मीठ आणि मिरच्या आणल्या, डब्यातली मोहरी आणली, तिच्या मुठीत भरली आणि शेगडीजवळ पिढ्यावर बसून म्हटलं, आता तू माझी काढ. म्हणजे तुला कळेल, यात काही नसतं.

ती तयार होईना. मी हात जोडले. मग तिनं काढली. एकदाच पाहिलेलं सगळं तिच्या ध्यानात होतं, डोक्यापासून पायापर्यंत, सात वेळा, मुठी कुठं थांबवायच्या तेसुद्धा. निखाऱ्यावर टाकलं आणि मागं सरकून उभी राहिली.

त्या दिवशी झाडाचं पान हलत नव्हतं. धूर सरळ माझ्या तोंडावर आला आणि मला असा ठसका लागला की डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहायला लागलं. हे ओसरीत उभे होते, तेही खोकायला लागले. क्लेमांतीन पदर... पदर कसला, अंगावरचं फडकं नाकाला लावून आत पळाली. मी खोकत खोकत हातानं नको नको करत होते, वारा पडलाय, वारा नाही आज, असं सांगायचं होतं, पण शब्दच फुटेना.

बेनीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिच्या चेहऱ्यावर केवढं समाधान होतं. म्हणाली, "बघा, तुमच्यात काही नाही."

मग तिनं हात धुतले आणि मला पाणी आणून दिलं.

पुढचे चार दिवस आम्ही सगळं करून पाहिलं. हे न्यायाधीशबाईंना पुन्हा भेटले, त्यांनी बेनीला पुन्हा विचारलं, ती पुन्हा नको म्हणाली. मी सिस्टरला म्हटलं, मग आम्ही जोएललाही नेत नाही, दोघांची ताटातूट मी करणार नाही. त्या संध्याकाळी बेनी स्वतः आमच्या दारात आली. जोएलचे कपडे तिनं पिशवीत भरले होते. त्याला रात्री कान दुखतो, ती म्हणाली, तेल कोमट करून घाला. त्यानं रडून दाखवलं तरी दुसऱ्यांदा साखर देऊ नका. आणि हे सगळं सांगताना ती दारातच उभी होती, उंबरठ्याच्या आत पाय टाकला नाही. मी पिवळा फ्रॉक पुढं केला. तो तिनं घेतला.

बेल्जियमला परतल्यावर मी तीन वर्षं अर्ज केले. संस्था म्हणाली, मुलीचा नकार नोंदलेला आहे, शिवाय आता तुमचं वय झालं. मी पत्रं पाठवायची, उत्तर सिस्टरचं यायचं. बेनी अठराची झाल्यावर आश्रमातून बाहेर पडली आणि एका शिवणाच्या दुकानात लागली. सिस्टरनं लिहिलं होतं, तिच्यासारखी तुरपाई त्या भागात कुणाची नाही, बायका लांबून येतात. फक्त लहान मुलांचे कपडे ती शिवायला घेत नाही. जोएल मोठा झाल्यावर दोनदा जाऊन आला. भेटली, जेवू घातलं, पाठीमागं उभी राहून बोलली, असं त्यानं सांगितलं. घरी मी त्यानंतर मीठमोहरी कधी कुणावरून उतरवली नाही, पण त्याचा काय उपयोग? जळायचं ते जळून गेलं होतं.

निघायच्या दिवशी सकाळी दहाला गाडी आली. सगळा आश्रम फाटकाशी जमला. क्लेमांतीननं जोएलच्या हातात भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी दिली. बेनी पिवळा फ्रॉक घालून आली होती. मला वाटलं, शेवटच्या घटकेला तिचं मन फिरलं. ती पुढं आली, जोएलच्या शर्टाचं वरचं बटण तिनं चाचपून लावलं, डोळे मिटलेले ठेवून. मग वळली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मी हाक मारली. तिनं मान वळवली नाही. हे म्हणाले, तिला रडायला येत असेल, राहू दे. गाडी सुरू झाली. मी खिडकीतून बघत राहिले, पिवळी पाठ आणि मानेवरची पांढरी झालर. सगळी पोरं हात हलवत होती, तिनं एकदाही मागं पाहिलं नाही. मी मनात म्हटलं, निदान भावाकडे तरी बघायचं होतंस गं.

जोएल माझ्या मांडीवर होता. रडत नव्हता. शेंगदाण्याची पुडी दोन्ही हातांनी धरून त्यानं मला समजावल्यासारखं सांगितलं, "बेनी म्हणाली, मी तुझ्याकडे बघणार नाही. म्हणजे तुला काही होणार नाही."

मी त्याच्या केसांवर हात ठेवला. पुढं रस्त्यात कुणाचा तरी ट्रक बंद पडला होता आणि यांनी ड्रायव्हरला विचारलं, वेळेत पोचू ना?